खालच्या आळीचं कलम

४ नोव्हेंबर

कार्यालयातली एक जुनी नोंदवही उचलून आणली आहे. तारीख, वेळ, पातळी, खारटपणा, शेरा असे रकाने छापलेले आहेत. मी सगळ्यांवरून आडवं लिहिणार. बावीस वर्षं रकान्यात लिहून झालं, आता पुरे.

विमानात कधी बसले नव्हते, ती हौस फिटली. कानात अजून दडे बसलेले आहेत. राष्ट्रांच्या या परिषदेला आमच्या देशाकडून आम्ही तिघंच: प्रमुख म्हणून मंत्रालयातल्या मॅडम, एक तरुण वकील, आणि पाणीखात्यातली मी. मला आणलं ते रूप बघून नव्हे. समुद्र आमच्या विहिरींत कधी शिरला आणि किती शिरला, हे तारीखवार फक्त माझ्याकडे आहे. मॅडम म्हणाल्या, "तिथे सगळे अंदाज सांगतात. तुम्ही आकडे सांगायचे." मॅडमवर माझा विश्वास आहे. बाई कामाची आहे.

निघायच्या आधी ताई भेटायला आली होती. माळावरच्या पत्र्याच्या खोलीपासून चालत, गुडघे धरून. भावोजी तिच्यामागे पिशवी घेऊन. म्हणाली, "आमचं तेवढं बघ गं."

तेवढं म्हणजे कलम चौदा. इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं फिरलं तरी हरवायचं नाही.

खालच्या आळीत सदुसष्ट घरं होती. तीन वर्षांपूर्वी उधाणाचं पाणी ओट्यांवरून आत यायला लागलं आणि नळाला खारं पाणी यायला लागलं. मी घरोघर फिरले. म्हटलं, सरकार उठवेल तेव्हा उठवेल, तुम्ही वाट बघू नका, आत्ता उठा. एक्केचाळीस घरांनी ऐकलं. ताईचं घर पहिलं. सव्वीस घरांनी मला वेड्यात काढलं. आता या परिषदेत ठरतंय की समुद्र ज्यांची घरं घेणार, त्यांना उंचावर पक्की घरं बांधून द्यायची. कलम तेरा म्हणतं, ज्यांना उठावं लागणार आहे त्यांना. कलम चौदा म्हणतं, जे आधीच उठले त्यांनाही.

चौदा उडालं तर पक्कं घर मिळणार माझं न ऐकणाऱ्यांना. ज्यांनी ऐकलं ते पत्र्याखाली.

६ नोव्हेंबर

इथली तऱ्हा बघून घेतली. मसुद्यात ज्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवतात. चौदा आख्खं कंसात आहे. बोलायचं असेल तर समोरची देशाच्या नावाची पाटी उभी करायची. मग अध्यक्षांना वाटलं तर ते बघतात, नाही तर चष्मा पुसत बसतात. आणि मंजूर कसं होतं? अध्यक्ष म्हणतात, "आक्षेप दिसत नाही," आणि हातोडा आपटतात. संपलं. कोणी हात वर करायचा नाही, मोजायचं नाही. गप्प बसलेला माणूस 'हो' म्हणाला असं धरायचं. खोलीत नसलेला तर डबल 'हो'.

आमच्याकडे मापक बंद पडला तर त्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवतात. 'वाचन नाही' एवढंच लिहितात. कोणी अंदाजाने आकडा टाकला तर नोकरी जाते. मी स्वतः दोघांची घालवली आहे. इथे रिकामा रकाना दिसला की हे आपल्याला हवा तो आकडा टाकतात, वर टाळ्या वाजवतात.

एकाच वेळी अकरा खोल्यांत बैठका. आम्ही तीन. एका बड्या देशाची माणसं चारशे. त्यांची माणसं पाळीने जेवायला जातात. वकील बिचारा आज तीन खोल्यांमधून धावत होता, त्याच्या बुटाचा तळ सुटला. सुतळीने बांधून चौथ्या खोलीत गेला.

८ नोव्हेंबर

आज बोलले. तीन मिनिटं. विहीर क्रमांक चार, विहीर क्रमांक सात, वर्षवार खारटपणा. खालच्या आळीतल्या उठलेल्या घरांचे नळ कोणत्या तारखेला माझ्या सहीने बंद केले, ते सांगितलं. आवाज कापला नाही.

मग बड्या देशाचा माणूस उठला. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. कधी आवाज चढत नाही, कधी टाय सरकत नाही. म्हणाला, "या भगिनींचं निवेदन हृदयाला भिडलं." पुढे म्हणाला, "परंतु जे आधीच उठले ते स्वेच्छेने उठले. स्वेच्छेच्या निर्णयाची जबाबदारी सर्व राष्ट्रांवर टाकणं न्याय्य होईल का?"

स्वेच्छेने. मेल्या, ताईने जाताना स्वयंपाकघरातली फरशी एकेक करून उचकटून नेली, कारण ती भावोजींनी स्वतः बसवली होती. वर माळावर मातीत ती टाकली, तर दोन पावसाळ्यांत उखडली. हिला स्वेच्छा म्हणतात? शंभर-दीडशे वर्षं धूर काढला कोणी, आणि खोकतंय कोण? ज्यांनी मोटार सोडा, सायकलही नवी घेतली नाही, त्यांना हा न्याय शिकवतोय. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि त्याही आमच्याच शेळ्या.

बैठक संपल्यावर तो स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला. दोन बिस्किटं बशीत. "तुमची आकडेवारी उत्कृष्ट आहे," म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा मात्र घेतला. गरम होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याचाही राग आला, स्वतःचा.

९ नोव्हेंबर

ताईशी फोनवर बोलले. म्हणाली, वर टाकीचं पाणी एक दिवसाआड येतंय. म्हटलं, फिटरला सांगते. म्हणाली, "ते राहू दे. कलमाचं काय?" मी म्हटलं, कंसात आहे. "म्हणजे आत आहे का बाहेर?"

११ नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर कंस.

१२ नोव्हेंबर

आज जरा जीवात जीव आला. एका बेटावरून आलेले म्हातारे प्रतिनिधी आहेत, त्यांना मी आजोबा म्हणते. त्यांच्याकडे तर निम्मं गाव आधीच उठलंय. त्यांनी सकाळी पाटी उभी केली आणि दीड तास आडवी होऊ दिली नाही, हाताने धरून बसले. अध्यक्षांना शेवटी बघावंच लागलं. आजोबा एवढंच म्हणाले, "जो आधी शहाणा झाला त्याला शिक्षा करू नका." मग एकामागून एक एकोणीस देश चौदाच्या बाजूने बोलले. उद्या-परवा कंस निघेल असं वकील म्हणाला.

मॅडम आज तासभर कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत गोडबोल्याशी कॉफी घेत होत्या. काचेतून दिसलं. तो मान डोलावत होता, मॅडमही. बाईने त्याला बरोबर खिंडीत गाठलाय. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही आकड्यांचं बघा हो, बाकीचं मी बघते." एवढी जबाबदारी एकटीने उचलणारं माणूस मंत्रालयात विरळा.

१४ नोव्हेंबर

सगळं लिहिते. क्रमाने लिहिते, नाही तर डोकं फुटेल.

दुपारी अडीचला चौदावर अखेरची बैठक. आम्ही दोनला जाऊन बसलो. मॅडमनी वकिलाला दुसऱ्या दालनात पाठवलं, तिथे म्हणे आपलं कोणीतरी असायला हवं. मग सव्वादोनला मला म्हणाल्या, "तुमच्या आकड्यांच्या वीस प्रती लागतील. छपाईची खोली पलीकडच्या इमारतीत आहे. पटकन जाऊन या." मी म्हटलं, बैठक सुरू होईल. म्हणाल्या, "मी आहे ना."

मी पळाले. या वयात पळाले. छपाईच्या खोलीत रांग. यंत्रात कागद अडकला. लिफ्ट येईना, जिन्याने उतरले. वीस प्रती छातीशी धरून परत आले तेव्हा तीनला पाच कमी होते, आणि कलम सतरा चाललं होतं.

मॅडमच्या शेजारी बसले. विचारलं, चौदा? मॅडम समोर बघत म्हणाल्या, "गेलं. फार वेगात झालं सगळं. हातोडा पडला." विचारलं, आजोबा? त्यांच्या देशाची खुर्ची रिकामी होती. त्यांना चक्कर आली म्हणून सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. बाकीच्या एकोणीस देशांनी म्हणे आमच्याकडे बघितलं, कारण आकडे आमचे, मुद्दा आमचा.

आमची पाटी टेबलावर आडवी पडलेली. मी ती उभी केली. स्वतःही उभी राहिले. अध्यक्षांनी बघितलं, म्हणाले, "तो मुद्दा आक्षेपाविना निकाली निघाला आहे." मी म्हटलं, आक्षेप आहे. ध्वनिक्षेपक बंद होता. पुन्हा म्हटलं, ओरडून. पहिल्या दोन रांगांनी मागे वळून बघितलं, जसं एखाद्या दुकानात ताट पडल्यावर बघतात. मॅडमनी माझ्या हातातून पाटी हळूच घेतली आणि आडवी ठेवली. "आता नको. पुढच्या वर्षी उकरून काढू."

वीस प्रती माझ्याकडेच आहेत. त्या यंत्राला आग लागो. मी लिफ्टची वाट बघितली, त्यात दोन मिनिटं गेली. ती दोन मिनिटं मी जन्मभर विसरणार नाही.

१५ नोव्हेंबर

समारोप. 'ऐतिहासिक' हा शब्द मी मोजला, सव्वीस वेळा. घरं मिळणार तीही सव्वीसच.

मग नेमणुका जाहीर झाल्या. घरांचं काम बघायला जी समिती होणार, तिच्या उपाध्यक्ष आमच्या मॅडम. बड्या देशानेच नाव सुचवलं. गोडबोल्या आमच्या टेबलापाशी येऊन हात मिळवून गेला. मी त्याला हात दिला नाही, पाणी पीत राहिले. वकिलाला म्हटलं, निदान आपलं माणूस आत गेलं. तो म्हणाला, "हो, गेलं खरं," आणि बुटाची सुतळी बांधत बसला. झोप झाली नसेल त्याची.

सभागृह रिकामं झाल्यावर मी आमची पाटी पिशवीत टाकली. चोरीच आहे ती. कोणाला मागायची असेल तर घरी या म्हणावं.

१९ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. पत्र्याच्या खोलीत, दारात बसून. वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. भावोजी म्हणाले, "म्हणजे आम्ही उठलो ही चूक झाली?" मी म्हटलं, चूक नाही, तिथे राहिला असतात तर आजारी पडला असतात. ते म्हणाले, "हो, पण घर मिळालं असतं."

ताईने मला भात वाढला. तिने बळंच वाढला अजून.

२७ नोव्हेंबर

समितीचं परिपत्रक कार्यालयात आलं. बारा डिसेंबरला पाहणी. 'त्या दिवशी धोक्याच्या रेषेखाली प्रत्यक्ष राहत असलेली कुटुंबं' घरांसाठी पात्र. राहत असल्याचा पुरावा काय, तर चालू नळजोडणी. खाली मॅडमची सही, सुबक.

नळजोडणीचं पुस्तक माझ्याकडे असतं.

३० नोव्हेंबर

सकाळी कार्यालयाच्या खिडकीतून उतारावर हातगाड्या दिसल्या. माळावरून खाली चाललेल्या. गाद्या, पंखे, पत्र्याच्या ट्रंका. एका गाडीवर शिवणयंत्र, त्याच्यावर एक म्हातारी बसलेली. मला समजायला अर्धं मिनिट लागलं. मग मी चपला न घालताच खाली पळाले.

ताई तिच्या जुन्या घरात केर काढत होती. भिंतींना कमरेपर्यंत मिठाची पांढरी रेघ. जिथून फरशी उचकटली होती तिथे चिखल.

म्हटलं, "तू काय करतेयस?"

"राहायला आलेय."

"ताई, पाच तारखेला उधाण आहे. डिसेंबरातलं सगळ्यात मोठं. पाणी आत येणार."

"माहीत आहे. बारा तारखेपर्यंत काढायचेत दिवस."

"तुला दम्याचा त्रास आहे. या ओलीत तू राहणार?"

"सव्वीस घरं राहतातच की."

"मी तुला सांगितलं होतं ना, इथे राहू नकोस म्हणून?"

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. "तेव्हा तुझं ऐकलं," म्हणाली, "आता त्यांचं ऐकते."

मी तिच्यावर ओरडले. नको ते बोलले. लहानपणापासूनची सगळी उणीदुणी काढली. ती केर भरत होती. ओरडायचं होतं दुसऱ्यांवर, पण त्यांचा ध्वनिक्षेपक माझ्याकडे नाही.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरं खाली आली.

२ डिसेंबर

नळजोडणीचे एक्केचाळीस अर्ज टेबलावर. पहिला अर्ज ताईचा, अक्षर भावोजींचं. कोणी तोंडाने काही मागितलं नाही. फिटर समोर उभा राहून छताकडे बघत होता. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, कधी बोलायचं नाही ते त्याला कळतं.

नियम असा: रेषेखाली नवी जोडणी द्यायची नाही, जुन्या नळांत खारं पाणी झिरपतं. नियम मीच लिहून घेतलाय. दोन वाटा होत्या. पुस्तकात खोटे आकडे टाकायचे, की तीन वर्षं जोडण्या चालूच होत्या. नाही तर अर्ज फेटाळायचे आणि हात झटकायचे.

खोटा आकडा मी टाकणार नाही. मेले तरी नाही. मी चावी घेतली आणि खाली गेले. तीन वर्षांपूर्वी याच हाताने बंद केलेली झडप याच हाताने उघडली. गंजली होती, फिटरने दोनदा विचारलं, मी करू का? नाही म्हटलं. आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. पुस्तकात लिहिलं: जोडणी चालू, आजची तारीख, माझी सही. आकडा खरा आहे. बाकी सगळं खोटं आहे, पण ते माझ्या पुस्तकात येत नाही.

घरी येऊन हात धुतले तरी गंजाचा वास जाईना.

५ डिसेंबर

सकाळी दहालाच ताईकडे गेले. मोजपट्टी आणि पुस्तक घेऊन, पिशवी तीच. भरती साडेअकराची. भावोजी खाटेला विटा लावून उंच करत होते. एका पायाला वीट कमी पडत होती, खाट डुगडुगत होती. मी पिशवीत हात घातला तर पाटी लागली. दिली. म्हटलं, ही घ्या, जाड आहे.

त्यांनी उलटसुलट करून बघितली. आपल्या देशाचं नाव वाचलं. "ही तिथे कशी ठेवतात? आडवी?"

"एरवी आडवी. बोलायचं असेल तर उभी करायची."

"मग त्या दिवशी उभी नाही केली?"

"मी तिथे नव्हते. मला प्रती आणायला पाठवलं होतं."

"कोणी पाठवलं?"

"मॅडमनी."

"आणि त्या होत्या ना तिथे?"

भावोजींनी सहज विचारलं. त्यांना खाटेचीच काळजी होती, पाटी पायाखाली सरकवून ते दाबून बघत होते. आजोबांनी दीड तास पाटी धरून ठेवली होती, हाताने. आमची पाटी मी आले तेव्हा आडवी होती. 'फार वेगात झालं.' पाटी उभी करायला किती वेळ लागतो? मी केली तेव्हा एक क्षण लागला होता. काचेपलीकडची कॉफी. वकील, सुतळी बांधत बसलेला. आणि मी गाढव तीन आठवडे लिफ्टला शिव्या देतेय.

ताई म्हणाली, "काय झालं गं?" म्हटलं, काही नाही. तेवढ्यात उंबऱ्याखालून पाणी आलं. आवाज न करता येतं ते. आम्ही तिघं खाटेवर चढून बसलो. ताईला खोकल्याची उबळ आली, भावोजी तिची पाठ चोळत राहिले. मी वाकून पट्टी लावत होते.

साडेबाराला पाणी उतरायला लागलं तेव्हा फिटर पोटरीभर पाण्यातून कागद घेऊन आला. समितीकडून आलेला. 'उधाणामुळे पाहणी एक महिना पुढे ढकलण्यात येत आहे. तोपर्यंत रहिवाशांनी आहे तिथेच राहावं. याबाबत कोणाचा आक्षेप असल्यास दोन दिवसांत लेखी कळवावा, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल.' खाली तीच सुबक सही. ताईने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती खोकत म्हणाली, "म्हणजे अजून एक उधाण."

मी तिथेच, ओल्या खाटेवर बसून, नोंदींचं पुस्तक उघडलं. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस ओळी. फिटरला म्हटलं, प्रत्येक घरात जाऊन पट्टी लाव, मीही लावते. दोन वाजेपर्यंत भिंतींवरच्या ओल्या रेघा मोजत फिरलो. तारीख भरली, वेळ भरली, पातळी भरली, खारटपणा भरला. शेऱ्याच्या रकान्यात बावीस वर्षांत मी 'नाही' सोडून काही लिहिलं नव्हतं.

आज प्रत्येक ओळीपुढे लिहिलं. आक्षेप आहे. एक्केचाळीस वेळा. मग उरलेल्या सव्वीस घरांपुढेही लिहिलं, कारण भिजले तेही. शेवटी कोऱ्या ओळीवर मॅडमचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि त्याच्यापुढे लिहिलं: हजर होत्या. पाटी आडवी.

पानाची प्रत समितीला, प्रत बेटावरच्या आजोबांना, प्रत वकिलाला. फिटर टपालात टाकायला निघाला. ताई म्हणाली, त्याला आधी चहा दे, गारठलाय तो.